ताई अजून विहिरीवरच

हेडिंगरावांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर उरलं आहे. ऑफिसात त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नाही आणि निवृत्तीनंतर ऑफिसातलंच नाव त्यांच्या पाठोपाठ बिल्डिंगमध्ये राहायला आलं. हे नाव मात्र त्यांनी कमावलेलं होतं. टंकलेखन विभागात पानाच्या डोक्यावरचं शीर्षक त्यांच्यासारखं कुणालाच जमत नसे. बाकीचे टायपिस्ट अंदाजाने ठोकून द्यायचे. मग ते शीर्षक कधी डावीकडे कलायचं, कधी उजव्या कडेला जाऊन धडकायचं. हेडिंगराव आधी अक्षरं मोजत. काना जागा खातो, मात्रा आणि उकार खात नाहीत, हे सगळं धरून बेरीज, बेरजेचा निम्मा, कागदाच्या मधोमध येऊन तितकं मागे सरकणं, आणि मग टक टक टक. एकदा उमटलं की परत मागे जाऊन त्याच अक्षरांवर पुन्हा तीच अक्षरं, म्हणजे शाई दाट बसायची. मग खाली रेघ आणि रेघेखाली ताऱ्यांची माळ. असं शीर्षक पाहिल्यावर खालचा मजकूर वाचायची गरजच उरत नाही, असं मोठे साहेब म्हणत. ते खरोखरच न वाचता सही करत असल्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन होतं.

पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले. इतर जुने टायपिस्ट धास्तावले, पण हेडिंगरावांना त्या यंत्रात बोल्डचं बटण सापडलं आणि त्यांची चिंता मिटली. ज्या दाटपणासाठी आयुष्यभर प्रत्येक अक्षर दोनदा ठोकलं, तो एका बटणावर मिळतो म्हटल्यावर माणूस हुरळणारच. निवृत्तीनंतर त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून दूधवाल्यासाठी दारावर लावायची 'उद्या दूध नको' ही चिठ्ठीसुद्धा बोल्ड, मधोमध आणि अधोरेखित निघू लागली. दूधवाला तरीही दूध टाकून जायचा, ती गोष्ट वेगळी.

तर अशा या माणसाला त्याच्या बहिणीने पुस्तक लिहायला सांगितलं.

ताई त्यांच्याहून बरीच मोठी. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली, म्हणजे आयुष्यभर कानाने काम केलं. आता ती दुसऱ्या गावी मुलगा आणि सुनेजवळ राहत होती. मधल्या काही वर्षांत तिची नजर हळूहळू गेली. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग पुस्तकं, मग समोरच्या माणसाचा चेहरा. सुनेने तिच्या कॉम्प्युटरवर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय करून दिली. ताईने ती इतक्या झपाट्याने शिकून घेतली की घरातले थक्क झाले. कानात यंत्र आणि हाताखाली बटणं, म्हणजे तिला पुन्हा ड्युटीवर गेल्यासारखंच होतं.

त्यांचे वडील रस्ते आणि पुलांच्या खात्यात होते. पूल बांधून झाला की बदली. त्यामुळे दोघा भावंडांचं बालपण एका घरात गेलंच नाही. ते भाड्याच्या घरांतून घरंगळत गेलं.

एकदा फोनवर ताई म्हणाली, "बाळ्या, ती सगळी घरं तू लिहून काढ. तुझं टायपिंग चांगलं आहे."

"कशाला आता?"

"मला परत एकदा हिंडून यायचंय त्यांच्यातून. डोळे गेले ते गेले. कान आहेत तोवर जाऊन येते. आणि हे बघ, मला एकटीने जायचंय. कुणाला 'जरा वाचून दाखव गं' म्हणायला नको. दिवसभर दमून आलेल्या माणसांना काय सारखं सारखं सांगायचं?"

आपल्या ताईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं हेडिंगरावांना आठवेना. तिच्या वाढदिवसापर्यंत पुस्तक तिच्या हातात पडेल, असं त्यांनी कबूल करून टाकलं.

लिहायला बसले आणि त्यांना जगाचं भान राहिलं नाही. पहिलं विहिरीचं घर. त्या विहिरीचा रहाट इतका कुरकुरायचा की पहाटे पाणी कोण काढतंय ते गल्लीला कळायचं, आणि वडील दर रविवारी त्याला तेल घालायचे. मग पुलाजवळचं घर, तिथे गाडी गेली की फळीवरची भांडी आपापसांत बोलायची. मग गळकं घर, जिथे पाऊस आला की आई घरातलं प्रत्येक पातेलं आणि बादली मांडून ठेवायची आणि ताई त्या थेंबांच्या आवाजावर गाणं म्हणायची. मग घड्याळजीच्या दुकानावरचं घर. खालच्या घड्याळांचं एकमेकांशी पटत नसल्यामुळे बारा वाजायला तिथे बराच वेळ लागायचा. शेवटी जिन्याचं घर. त्या जिन्यात बसून ताईने अभ्यास केला आणि तिथूनच ती नोकरीला लागली. लिहिता लिहिता हेडिंगराव मध्येच हसायचे, मध्येच चष्मा पुसायचे. बायको चहा आणून ठेवायची आणि गार झालेला परत घेऊन जायची.

आणि शीर्षकं! प्रत्येक घराचं नाव त्यांनी जीव ओतून सजवलं. जाड, मोठं, मधोमध, अक्षरांत ऐसपैस मोकळी जागा सोडून: वि हि री चं घ र. खाली रेघ, वर-खाली तारे. सुरुवातीला अनुक्रमणिका, तिच्यात घराच्या नावापासून पानाच्या आकड्यापर्यंत हाताने एकेक टिंब टाकत नेलेलं. वाढदिवसाच्या बऱ्याच आधी त्यांनी फाइल ई-मेलने पाठवून दिली आणि कौतुकाचा फोन कधी येतो म्हणून फोनजवळ खुर्ची ओढून बसले.

फोन येईना. शेवटी त्यांनीच केला.

"पोचलं का?"

"पोचलं की."

"मग? कुठवर आलीस?"

"विहिरीवर."

सुरुवात आहे, सावकाश वाचत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं.

"विहिरीवरच आहे अजून," ताई म्हणाली.

"अगं, एवढा वेळ विहिरीवर काय करतेयस?"

"तूच ऐक," असं म्हणून तिने फोन यंत्रापाशी धरला. यंत्र निर्विकार आवाजात म्हणू लागलं, "तारा, तारा, तारा, तारा, तारा." हे इतका वेळ चाललं की हेडिंगरावांना वाटलं फोन बिघडला. मग आलं, "वि. हि. री. चं. घ. र. अधोरेषा, अधोरेषा, अधोरेषा." मग पुन्हा तारे. ताईने ते मागे सुरुवातीच्या अनुक्रमणिकेवर नेल्यावर तर "टिंब, टिंब, टिंब" म्हणत ते यंत्र जे सुटलं, ते ऐकून हेडिंगरावांना स्वतःच्याच हातांची लाज वाटली.

"कळलं?" ताई म्हणाली. "हे सगळं ऐकून मी एकदाची विहिरीवर येते. तेवढ्यात कुणी दार वाजवतं, नाहीतर दूध वर येतं. मी उठते. परत येऊन बसले की हा पठ्ठ्या पुन्हा ताऱ्यांपासून! खाली खाली जात राहिलं तरी कुठलं घर कुठे सुरू होतं ते कळत नाही. एरवी मी एक बटण दाबते आणि तो मला या हेडिंगवरून त्या हेडिंगवर नेतो. तुझ्या पुस्तकात दाबलं की म्हणतो, शीर्षक नाही."

"नाही?"

"एकही नाही म्हणतो रे."

हेडिंगरावांनी फोन ठेवला. ज्याच्या शीर्षकांवर साहेब डोळे मिटून सह्या करत, त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर शीर्षकांना एका यंत्राने शीर्षक मानायला नकार दिला होता. ऑफिसात हे कुणाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"भाचेसुनेला विचारा ना," बायको म्हणाली. "तिनेच बसवलंय ना ते सगळं."

पण मामेसासऱ्याने भाचेसुनेला काय विचारावं याला काही मर्यादा असते. तब्येत विचारावी, पावसापाण्याचं विचारावं. 'मला हेडिंग करायला शिकव' असं हेडिंगरावाने विचारायचं म्हणजे अतीच झालं. त्यांनी बायकोकडे दुर्लक्ष केलं आणि शेजारी धाव घेतली.

शेजारी बँकेतले निवृत्त मॅनेजर राहत. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर असे आणि ते तयारच असे. "लहान पडलं असेल," ते फाइलकडे पाहून म्हणाले. "आमच्याकडे सूचना वाचत नाहीत म्हटलं की आम्ही अक्षर वाढवायचो." हेडिंगरावांनी अक्षर वाढवलं. शीर्षक इतकं वाढलं की 'घड्याळजीच्या दुकानावरचं घर' हे दोन पानांवर गेलं. ताईचा निरोप आला, विहिरीवरच.

वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाईंनी नाक मुरडलं. "आकार जुना झाला हो. आता रंग लागतो." त्यांच्या सल्ल्याने शीर्षकं लाल झाली, मागे पिवळी पट्टी आली, भोवती चौकट आली. यंत्राला ना लाल दिसलं ना पिवळं. दिसणारच कसं, हा प्रश्न बायकोने विचारला होता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग हेडिंगराव कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे गेले. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीची पत्रकं असं सगळं तो करायचा, आणि वेलबुट्टी न काढता सरळ रेघ सोडणं त्याच्या तत्त्वात बसत नसे. "काका, आधी सांगायचं नाही का? हे माझ्यावर सोडा." त्याने प्रत्येक घराचं नाव वळणदार अक्षरांत घडवलं, त्याचं चित्र केलं आणि ते चित्र फाइलमध्ये चिकटवलं. विहिरीच्या घराच्या उकाराला त्याने चक्क एक बादली लटकवली होती, आणि त्या नावात उकार कुठून आला हे विचारायचं हेडिंगरावांना त्या देखाव्यापुढे सुचलं नाही. फाइल इतकी जड झाली की ई-मेल तिला पुढे नेईना. शेवटी तिचे तुकडे करून पाठवले.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "बाळ्या, आता नावंसुद्धा गेली रे. नुसतं 'चित्र' म्हणतो. चित्र. मग मजकूर. मग चित्र. आधी निदान अक्षरं लावून तरी म्हणायचा."

तिच्या आवाजात चेष्टा होती, पण नेहमीइतकी नव्हती. मग ती म्हणाली, "राहू दे. नाही जमत तर नाही. सून सुट्टीच्या दिवशी वाचून दाखवेल थोडं थोडं."

हे 'राहू दे' हेडिंगरावांना झोंबलं. ताई लहानपणापासून असंच म्हणत आली होती. चप्पल एकाच भावंडाला मिळणार असेल तर राहू दे, सहलीला एकालाच पाठवता येणार असेल तर राहू दे. आता तिच्या स्वतःच्या घरांत जायलाही तिने राहू दे म्हणावं, आणि तेही आपल्या हेडिंगांपायी, हे त्यांना सहन होईना. वाढदिवस जवळ आला होता. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट जुनं ऑफिस गाठलं.

दारातला रखवालदार नवा होता. "कुणाकडे जायचंय?"

"टंकलेखन विभागात."

"असा विभाग नाही."

"आहे हो. मी आयुष्य काढलंय त्यात."

"काढलं असेल. आता नाही," असं म्हणून त्याने भेटीची वही पुढे केली. भेटीचं कारण या रकान्यात हेडिंगरावांनी सुवाच्य अक्षरात 'शीर्षकासंबंधी' असं लिहिलं. रखवालदाराने ते वाचलं, भिंतीवरची अधिकाऱ्यांची नावं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "हे साहेब बदलून गेले वाटतं." मग त्याने त्यांना चौकशीच्या खिडकीकडे पाठवलं. खिडकीवाल्याने सांगितलं की ज्यांना भेटायचं त्यांची सही आणा, मग पास मिळेल. सही आणायला आत जावं लागेल आणि आत जायला पास लागेल, हे हेडिंगरावांनी नम्रपणे निदर्शनास आणलं. खिडकीवाला म्हणाला, "नियम तुमच्याच वेळचा आहे." त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. खिडकीशेजारी चिकटवलेल्या नियमांचं शीर्षक मधोमध होतं, दाट होतं, खाली ताऱ्यांची माळ होती. ते त्यांनीच टाइप केलेलं होतं. खालचा मजकूर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला.

शेवटी एका ओळखीच्या शिपायाने त्यांना मागच्या जिन्याने वर नेलं.

टंकलेखनाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि हेडिंगराव थबकले. हॉल तोच होता, खिडक्या त्याच, खिडकीबाहेरची पाण्याची टाकीही तीच. पण आवाज नव्हता. एके काळी इथे शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागायचं. प्रत्येक ओळ संपली की यंत्राची घंटी वाजायची, आणि हॉलभर अशा घंट्या सतत वाजत राहायच्या. जेवणाची सुट्टी झाली की सगळं एकदम बंद व्हायचं आणि वरच्या मजल्यावरची माणसं त्या शांततेवर घड्याळं लावायची. आता पंखा फिरत होता आणि माणसं पडद्यांकडे बघत होती. कपाटावर खोळ घातलेली काही यंत्रं दिसली. त्यांनी हात वर करून एक खोळ उचलली आणि एक कळ दाबली. अक्षराचा दांडा अर्ध्यापर्यंत उठला आणि तिथेच राहिला. हेडिंगरावांनी तो बोटाने हळूच खाली बसवला. त्यांना फार एकटं वाटलं.

त्यांच्या जागेवर बसणाऱ्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. "काका, खरं सांगू? आम्हीही बोल्डच करतो आणि सोडून देतो. एवढा कोण विचार करणार? वाचतंय कोण?"

"माझी बहीण वाचते," हेडिंगराव म्हणाले.

ते इतकं पटकन आणि इतकं मोठ्याने निघालं की आजूबाजूच्यांनी माना वर केल्या. आयुष्यभर शीर्षकं केली ती सही करणाऱ्यासाठी. वाचणाऱ्याचा विचार आज पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडला होता. त्यांनी चहा संपवला, आभार मानले आणि घरी येऊन मामेसासरेपण खुंटीला टांगून भाचेसुनेला फोन लावला.

"मामा, मला वाटलंच होतं तुम्ही विचाराल," ती म्हणाली. "मी करून देणार होते. पण आईंनी हात लावू दिला नाही. म्हणाल्या, त्याचं हेडिंग दुसऱ्याने केलेलं त्याला चालायचं नाही. वाईट वाटेल त्याला."

हेडिंगरावांनी वही-पेन्सिल पुढ्यात ओढली.

"मामा, तुम्ही ते शीर्षकासारखं दिसेल असं केलंय. पण ते शीर्षक आहे, असं कॉम्प्युटरला कुठे सांगितलंय?"

"अगं, एवढं मोठं काळंभोर दिसतंय, तेवढं त्याला कळू नये?"

"त्याला फक्त जाड अक्षर कळतं. जाड अक्षर काय, कुठेही असतं. तुम्ही 'आईने चांगलंच बदडलं' हेसुद्धा बोल्ड केलंय."

हे खरं होतं. ती घटना त्यांना तितकीच ठळक आठवत होती.

एकाएकी हेडिंगरावांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या ऑफिसात एक कारकून होता. मोठे साहेब रजेवर गेले की तो कोट घालून त्यांच्या खुर्चीत बसायचा. दिसायला हुबेहूब साहेब. बाहेरचे लोक त्याला नमस्कारही करायचे. पण नेमणुकीचा हुकूम नसल्यामुळे त्याच्या सहीवर भांडारातून टाचणीसुद्धा मिळत नसे.

"म्हणजे माझी हेडिंगं नुसती कोट घालून बसलीयत," ते हळूच म्हणाले.

"अगदी बरोबर. त्यांना हुकूम द्या, मामा." आणि तिने हुकूम द्यायची पद्धत सांगितली. शीर्षकाच्या ओळीवर जायचं, वरच्या पट्टीत शैलींची चौकट असते, तिच्यातलं 'शीर्षक १' निवडायचं. बस्स.

एवढं सोपं काम हेडिंगरावांच्या हातून एका दमात होणं शक्य नव्हतं. छपाईवाल्याची चित्रं सोडून त्यांनी आपली मूळ फाइल उघडली आणि पहिल्याच प्रयत्नात उत्साहाने सगळा मजकूर निवडून हुकूम दिला. ताईचा फोन आला, "बाळ्या, आता अख्खं पुस्तक हेडिंग आहे म्हणतो हा. आईच्या पातेल्यांनासुद्धा बढती दिलीस का?" ते निस्तरलं, तर पातळ्यांची भानगड उभी राहिली. चौकटीत शीर्षक १ होतं, २ होतं, ३ होतं, आणि ऑफिसात मुरलेल्या माणसाला आकडे दिसले की ज्येष्ठता यादी आठवते. त्यांनी वडिलांशी संबंधित सगळं पहिल्या पातळीवर घेतलं, आईचं दुसऱ्या, ताईचं तिसऱ्या आणि नम्रपणे स्वतःचं चौथ्या. बायको खांद्यावरून बघत होती.

"अहो, बाबांची सायकल एक आणि आईंचं स्वयंपाकघर दोन?"

"सायकल बाबांची आहे."

"आणि त्या सायकलवर बसून जाणाऱ्याला जेवायला कोण घालत होतं?"

हेडिंगरावांनी यादी मागे घेतली. मग पुन्हा भाचेसुनेला फोन. तिला हसू आवरेना.

"मामा, मोठं कोण ते नाही बघायचं. कशाच्या आत काय आहे, ते बघायचं."

"म्हणजे आधी घर. घराच्या आत खोली. खोलीत घडलेली गोष्ट."

"एवढंच."

हेडिंगराव पुन्हा पहिल्यापासून बसले. या वेळी त्यांना सजवायचं काहीच नव्हतं, नुसतं लावायचं होतं. तारे पुसताना हात थोडा अडखळला. ती माळ त्यांनी उमेदवारीच्या काळापासून जपली होती. टिंबं पुसली. अक्षरांतली मोकळी जागा मिटवली. मग एकेका घरात शिरून कुठली खोली कुठे होती ते आठवत गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण बऱ्याच गोष्टी भलत्याच घरांत ठेवल्या होत्या. ताईचा हार्मोनियमचा हट्ट गळक्या घरातला नव्हताच, तो घड्याळजीच्या वरच्या माडीतला. तो उचलून तिथे नेला. आईचं शिवणयंत्र पुलाजवळच्या घरातून जिन्याच्या घरात हलवलं. बायको म्हणाली, "चार घरं बदलली तेव्हा सामान वाहिलं नसेल एवढं आता वाहताय." पण चहा तिने गार होऊ दिला नाही, समोर उभं राहून प्यायला लावला. सगळं जागेवर लागलं आणि त्यांनी अनुक्रमणिकेचं बटण दाबलं, तर सगळी घरं, पानांच्या आकड्यांसकट, आपोआप एकाखाली एक येऊन उभी राहिली. हेडिंगराव त्या पानाकडे बघतच बसले. अक्षरं साधी होती. मधोमधही नव्हती. तरी त्यांना ती आपली वाटली.

वाढदिवसाला नवरा-बायको दोघं ताईकडे गेले. दुपारी जेवणं झाल्यावर ताईने त्यांना आपल्या खोलीत नेलं. टेबल, कॉम्प्युटर, खिडकीत एक कुंडी. ताई ताठ बसली, एक्स्चेंजमध्ये बसायची तशी, आणि तिने बटणावर बोट ठेवलं. हेडिंगरावांच्या तळहातांना घाम फुटला होता. नोकरीच्या परीक्षेलाही फुटला नव्हता.

तिने बटण दाबलं.

"शीर्षक, पातळी एक. विहिरीचं घर," यंत्र म्हणालं.

ताई हसली. पुन्हा दाबलं.

"शीर्षक, पातळी एक. पुलाजवळचं घर."

"शीर्षक, पातळी एक. गळकं घर."

आता ती थांबेना. घड्याळजीच्या दुकानावरचं घर, जिन्याचं घर. मग उलटी मागे, मग मध्येच गळक्या घरात शिरून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून पातेली. "शिरले रे आत!" ती म्हणाली. "कुणालाही न विचारता शिरले!" पातेल्यांचा सगळा मजकूर तिने डोळे मिटून ऐकला. मग जिन्यात जाऊन बसली. तिथून परत पुलावर. दारात उभी असलेली सून आणि बायको दोघी डोळे पुसत होत्या, आणि हेडिंगराव खिडकीकडे तोंड करून कुंडीतल्या मातीची पाहणी करत होते.

शेवटी ती पुन्हा विहिरीच्या घरावर आली आणि तिने मागे जायचं बटण आणखी एकदा दाबलं.

"मागे शीर्षक नाही," यंत्र म्हणालं.

"आहे," ताई म्हणाली.

हेडिंगराव चपापले. "नाही गं, पुस्तक तिथूनच सुरू होतं. पहिलं घर तेच."

"तुझं पहिलं. त्याच्या आधी एक घर होतं, बाळ्या. एकच खोली होती. तू नव्हतास."

"मला कुणी कधी सांगितलं नाही."

"आई-बाबा होते तोवर तू विचारलं नाहीस. मग ते नव्हते." तिने बटणावरचं बोट उचललं. "भिंतीत एक फळी होती. खालची अर्धी मी रिकामी ठेवली होती तुझ्यासाठी. तू येणार म्हणून. आई म्हणायची, अगं, त्याला काय सामान असणार आहे? तरी मी कुणाला काही ठेवू द्यायची नाही तिथे. बाबांनी एकदा टोपी ठेवली तर रडून घर डोक्यावर घेतलं होतं मी."

हे आठवणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते समोर खुर्चीत बसलेलं होतं. हेडिंगरावांनी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले आणि विहिरीच्या घराच्या वर नवी ओळ उघडली. वरच्या पट्टीतून पहिली पातळी निवडली.

"काय नाव देऊ या घराला?"

ताईने थोडा विचार केला. "वाट बघायचं घर, असं लिही."

त्यांनी लिहिलं. तिने बटण दाबलं.

"शीर्षक, पातळी एक. वाट बघायचं घर."

हेडिंगरावांना पडद्यावरचं नीट दिसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी दिसेना.

"बरोबर उमटलंय ना गं?" त्यांनी विचारलं.

"उमटलंय," ताई म्हणाली. "मी सांगते, तू लिही."